वनसीमेवरील सलोखा

वर्धा नदीच्या काठी वसलेले घुग्घुस हे गाव चंद्रपूर जिल्ह्यात कोळशाचे गाव म्हणून सर्वांस परिचित आहे. कोळशाच्या खाणी, सिमेंट व लोखंड यांचे कारखाने आणि रात्रंदिवस चालणारी मालवाहतूक यांमुळे येथे रोजगार आला. त्याचबरोबर कपाशीच्या बोंडावर व तुरीच्या पानांवर बसणारी काळी धूळही आली. दि. २६ ऑगस्ट २०२२ रोजी या गावाच्या आमराई वॉर्डात एक राहते घर पाहता पाहता जमिनीत गडप झाले. घरातील माणसे वेळीच बाहेर पडली, म्हणून प्राणहानी टळली. या वस्तीच्या पोटात जुन्या भूमिगत खाणी आहेत, हे ठाऊक तर सर्वांनाच होते, परंतु त्या दिवशी शेजारच्या घरांतील बायाबापड्यांना रात्री झोप लागली नसेल. योगायोग असा की, बरोबर चाळीस वर्षांपूर्वी, दि. २६ ऑगस्ट १९८२ रोजी, चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा वनप्रधान जिल्हा अस्तित्वात आला होता. एक जिल्हा भूमीच्या पोटातील संपत्तीवर उभा, तर दुसरा भूमीच्या पाठीवरील वनावर, अशी ही विभागणी आहे. प्रस्तुत लेखात या दोहोंच्या संबंधाचाच विचार करावयाचा आहे.

दगडी कोळशातील एक टन कार्बन जळाला की त्यापासून सुमारे ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड वायू निर्माण होतो. हा वायू हवेत साठून राहतो व पृथ्वीभोवती उष्णता कोंडून धरतो. उलटपक्षी वाढते झाड हाच वायू शोषून आपल्या लाकडात व मुळांत साठवते. चंद्रपुरात उन्हाळ्याचा पारा ४७–४८ अंशांपर्यंत चढतो, हे येथील शेतकऱ्यास सांगण्याची गरज नाही. जुलै २०२२ मध्ये वर्धा, वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती व गोदावरी या नद्यांच्या पुरांनी दोन्ही जिल्ह्यांतील पेरलेली शेते खरवडून नेली, हेही त्याने पाहिले आहे. पाऊस एकतर येत नाही, आला तर दोन दिवसांत महिन्याचा पडून जातो. अशा वेळी गावोगाव पहिला परिणाम दिसतो तो भांडणाचा. नाल्याचे पाणी कोणी अडवावे, कोणाच्या गुरांनी कोठवर चरावे, सरपण कोणी आणावे, मोह कोणाचा, यांवरून शेजारची गावे एकमेकांवर काठ्या उगारतात.

येथे एक विचार करण्याजोगा आहे. ज्या पाण्यावरून, ज्या वनावरून तंटा होतो, त्याच पाण्याची व वनाची राखण दोन्ही पक्षांनी मिळून केली, तर तंट्याचे मूळच तुटते. जगात या विचारास आज मोठी मान्यता मिळाली आहे. केनिया देशात स्त्रियांकडून कोट्यवधी झाडे लावून घेणाऱ्या वांगारी माथाई यांना २००४ साली जे नोबेल पारितोषिक देण्यात आले, ते शेतीचे वा विज्ञानाचे नव्हते, शांततेचे होते. गावकरी आपली सामाईक कुरणे, वने व पाणी स्वतः नियम करून उत्तम सांभाळू शकतात, हे अनेक देशांच्या उदाहरणांवरून दाखविणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्याच २००९ साली गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) या लहानशा गोंड गावाला सुमारे १८०० हेक्टर वनावरील सामूहिक हक्काचे पत्र शासनाकडून मिळाले. अशी पत्रे प्रथम मिळालेल्या गावांत मेंढा व मर्दा ही दोन नावे घ्यावी लागतात.

मेंढ्याची कहाणी त्याही आधी सुरू होते. गोदावरीवरील इंचमपल्ली आणि इंद्रावतीवरील भोपालपटनम या धरणांखाली फार मोठे वन व अनेक गावे बुडणार होती. त्याविरुद्ध १९८४ च्या सुमारास बाबा आमटे, लाल श्यामशहा आदींच्या पुढाकाराने जंगल बचाव मानव बचाव हे आंदोलन झाले आणि ती धरणे मागे पडली. आंदोलन संपले की माणसे घरोघर जातात, असा नेहमीचा अनुभव आहे. मेंढ्याची माणसे मात्र बसून राहिली आणि विचार करू लागली की, धरण टळले, पण वन आपले झाले काय? देवाजी तोफा यांच्यासारखे गावातील कार्यकर्ते व मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे बाहेरून आलेले मित्र यांनी मिळून अभ्यास गट चालविले. त्यांत कायदा वाचला जाई आणि हिशेब शिकला जाई. दारू गावातून कशी जाईल, याचीही चर्चा होई. गावाने ठरविले की, ग्रामसभेतील निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घ्यावयाचा. एकाचाही विरोध असेल, तर विषय पुढील सभेस ठेवावयाचा. या पद्धतीने काम सावकाश होते, ही गोष्ट खरी आहे. परंतु एकदा ठरलेली गोष्ट मोडण्यास मागे कोणी उरत नाही, हा तिचा लाभ बहुमताच्या घाईत मिळत नाही.

गावाचा वनखात्याशी खटकाही उडाला. मेंढ्याच्या लोकांनी परंपरेप्रमाणे वनातील लाकूड आणून आपला गोटुल पुन्हा उभारला, तेव्हा तो विनापरवाना म्हणून पाडण्यात आला. त्यावर आसपासच्या अनेक गावांची सभा भरली आणि कोणावरही हात न उचलता गोटुल पुन्हा बांधण्याचे ठरले. बंदुकीची भाषा त्या जिल्ह्यात १९८० नंतर सर्वांच्या कानी पडत होती. अशा मुलखात गावाने सभेचा मार्ग धरला, ही लहान गोष्ट नव्हे. पुढे त्याच खात्याबरोबर संयुक्त वनव्यवस्थापनात हे गाव सहभागी झाले. गावकरी पाळीने वनाची गस्त घालू लागले, फळझाड तोडावयाचे नाही असा नियम झाला, मधमाश्या न मारता मध काढण्याची रीत रूढ झाली, ओहोळांवर दगडी बांध पडले.

खरी कसोटी बांबूच्या बाबतीत लागली. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने बांबूस झाडांत गणले होते, तर २००६ च्या वनहक्क अधिनियमाने त्यास गौण वनोपज ठरवून गावकऱ्यांच्या स्वाधीन केले. एकच वस्तू दोन कायद्यांत दोन नावांची झाल्यावर तंटा न व्हावा तर काय! हक्क मिळूनही वाहतुकीचा परवाना ग्रामसभेस मिळेना. अखेर दि. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यास आले आणि वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. त्या दिवसापासून स्वतःच्या वनातील बांबू स्वतः विकणारी ती ग्रामसभा ठरली. २०१३ साली या गावाने एक पाऊल आणखी पुढे टाकले व १९६४ च्या महाराष्ट्र ग्रामदान अधिनियमाखाली आपल्या खाजगी शेतजमिनीही ग्रामसभेस देण्याचा संकल्प केला. विनोबांची ग्रामदानाची कल्पना इतिहासजमा झाली असे मानणाऱ्यांस यामुळे थोडे थांबावे लागले. २०१७ साली बांबू हा शब्द १९२७ च्या कायद्यातील झाडाच्या व्याख्येतून वगळण्यात आला. त्यामुळे शेताच्या बांधावर बांबू लावणाऱ्या शेतकऱ्याचीही परवान्याच्या कटकटीतून सुटका झाली आहे.

बांबू तोडण्याचे शास्त्र ज्यास ठाऊक नाही, त्याच्या हाती हक्क आला तरी बेट टिकत नाही. बांबूचा कोंब एकाच पावसाळ्यात आपली पूर्ण उंची गाठतो, परंतु त्याचे लाकूड पक्के होण्यास पुढील दोन-तीन वर्षे लागतात. नवे कोंब या कोवळ्या बांबूंच्या आधाराने व मुळांत साठविलेल्या अन्नावर फुटतात. म्हणून पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे बांबू राखून तीन वर्षांवरील तेवढेच काढावेत. कापणी जमिनीलगतच्या पेराच्या वर करावी, बेटाच्या बाहेरच्या कडेचे बांबू सरसकट तोडून मध्ये गुंता ठेवू नये आणि पावसाळ्यात कटाई पूर्णपणे बंद ठेवावी.

चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातील पाचगाव येथील ग्रामसभेस २०१२ साली सुमारे हजार हेक्टर वनावरील सामूहिक हक्क मिळाला. तिनेही बांबूवरच आपला संसार उभा केला. पाचगावचा एक निर्णय विशेष अभ्यासण्यासारखा आहे. तेंदूपत्ता हे या भागात उन्हाळ्यातील नगदी उत्पन्न होय. परंतु चांगली कोवळी पाने यावीत म्हणून तेंदूची खुटकटाई केली जाते व वनास आगी लावल्या जातात. पाचगावच्या लोकांनी हिशेब मांडला तो असा की, पाने विकून हाती पैसा येतो खरा, परंतु आगीत रोपे, पक्ष्यांची अंडी व जमिनीवरील पालापाचोळा जळून जातो, झाडे खुरटतात आणि तेंदूचे फळही मिळत नाही. सबब त्यांनी तेंदूपत्ता तोडणेच बंद केले. हातचे उत्पन्न सोडून देणारे गाव क्वचितच पाहावयास मिळते. प्रत्येक गावास हे परवडेल असे नाही, परंतु मोहफुले वेचण्यासाठी झाडाखाली आग लावण्याऐवजी पाला झाडून काढणे तर कोणासही शक्य आहे. पालापाचोळा राहिला की पाणी मुरते आणि ते उन्हाळ्यात नाल्यास उतरते. त्या नाल्याचे पाणी खालच्या गावालाही मिळते, तेव्हा वरच्या गावाने आग न लावणे हाही एक शेजारधर्मच होय.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यास सर्वाधिक उपयोगी पडेल, असा भाग पुढे आहे. सामूहिक वनहक्काचा दावा करताना गावाची पारंपरिक सीमा दाखवावी लागते, आणि दोन गावांतील भांडणे बहुधा येथेच उघडी पडतात. एकाच डोंगरावर दोन गावांची गुरे चरत आली आहेत, एकाच देवराईत दोन गावांची पूजा होते, मग रेघ कोठे ओढावी? कायद्याने याचे उत्तर दिले आहे, पण अनेकांस त्याची माहिती नसते. एक वन एकाहून अधिक ग्रामसभा वापरीत असतील अथवा सीमेविषयी दोन दावे असतील, तर त्या त्या गावांच्या वनहक्क समित्यांनी एकत्र बसून कोण कोठवर काय वापरतो याचा विचार करावा व निष्कर्ष आपापल्या ग्रामसभेस लेखी कळवावा, असा नियम आहे. ग्रामसभांना ते सोडविता आले नाही, तरच प्रकरण उपविभागीय समितीकडे जाते. सरकारदरबारी जाण्यापूर्वी शेजाऱ्यांनी एकत्र बसावे, असे कायद्यानेच सांगितले आहे.

या संयुक्त बैठकीची तयारी नीट व्हावयास हवी. समितीत १० ते १५ सदस्य असतात व त्यांत एक-तृतीयांश तरी स्त्रिया असाव्या लागतात. स्त्रियांना सीमा अधिक अचूक ठाऊक असते, असा अनेक ठिकाणचा अनुभव आहे, कारण सरपणासाठी व मोहासाठी रोज वनात त्याच जातात. पुरावा म्हणून जुने निस्तारपत्रक, वृद्धांची निवेदने, तसेच देवराई, स्मशान, जुनी विहीर, जुन्या वस्तीच्या खुणा हे सर्व ग्राह्य धरले जाते. निस्तार हा शब्द विदर्भातील जुन्या माणसांच्या तोंडी आजही आहे. नव्या पिढीस तो समजावून सांगावा. नकाशा कचेरीत बसून न काढता दोन्ही गावांच्या वृद्धांना बरोबर घेऊन पायी फिरून काढावा. जेथे दोन्ही गावांचा वापर आहे, तेथे रेघ ओढण्याचा हट्ट न धरता तो भाग सामाईक म्हणून नोंदवावा आणि गुरे, गवत, फुले व पाणी यांचे दिवस व पाळ्या लिहून ठेवाव्यात. वाघाचे भय असलेल्या भागांत, आणि चंद्रपूर जिल्ह्यात असे भाग थोडे नाहीत, पहाटे मोह वेचण्यास एकट्याने न जाता दोन्ही गावांनी मिळून गटाने जाण्याचा नियम याच बैठकीत करून घ्यावा.

गडचिरोली जिल्ह्यात आज हजाराहून अधिक गावांस असे सामूहिक हक्क मिळालेले आहेत. त्या सर्वांचे चालू आहे ते मेंढ्याप्रमाणेच, असे मानणे भाबडेपणाचे होईल. काही ठिकाणी हक्कपत्र पेटीत पडून आहे, काही ठिकाणी ठेकेदार ग्रामसभेच्या नावे कारभार पाहतो. खनिजाचा प्रश्न तर याहून कठीण आहे. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडचे लोहखनिज घुग्घुसच्या कारखान्यापर्यंत येते. डिसेंबर २०१६ मध्ये तेथे खनिज वाहून नेणारी वाहने मोठ्या संख्येने जाळली गेली, आणि ज्यांची ना वाहने होती ना खाण, अशा गावकऱ्यांच्या वाट्यास दोन्ही बाजूंचे भय आले. घुग्घुसच्या मजुराची चूल त्या खनिजावर पेटते, सुरजागडच्या गोंडाचा देव त्या डोंगरावर आहे. या दोघांची गाठ कधी पडत नाही. वनहक्कासाठी दोन गावे एकत्र बसू शकतात, तशी खाणीच्या दोन टोकांची माणसे एकत्र बसतील अशी व्यवस्था अद्याप झालेली नाही. घुग्घुसच्या परिसरात वन उरले नाही, म्हणून तेथे वनहक्काचा मार्गही तोकडा पडतो. परंतु खाणीतून निघालेल्या मातीच्या ढिगाऱ्यांवर चिंच, कडुनिंब, बांबू यांची लागवड, पाण्याच्या नमुन्यांची वेळोवेळी तपासणी आणि धुळीमुळे झालेल्या पीकहानीची गावाने मिळून केलेली लेखी नोंद, एवढे काम तेथील शेतकरी व कामगार यांस एकत्र करता येण्यासारखे आहे. कामगारांपैकी पुष्कळजण शेतकऱ्यांचीच मुले आहेत.

सीमा फिरण्यास धानाची मळणी आटोपल्यापासून मोहफुले गळू लागेपर्यंतचा काळ सोयीचा असतो. झाडी विरळ झाल्याने खुणा दिसतात, नाले ओलांडता येतात आणि माणसांस सवड असते. दोन गावांच्या समित्यांनी पहिल्या दिवशी निघताना भाकरी बरोबर घ्यावी, कारण ज्या देवराईपाशी वाद आहे तेथे पोहोचेपर्यंत बहुधा दुपार होते.