आडोसा आणि भिंत : कामाच्या जागी स्त्रियांच्या वस्त्रांतराचा प्रश्न

हिंगोली जिल्ह्यात कापसाच्या वेचणीस किंवा हळदीच्या काढणीस निघालेल्या मजूर स्त्रियांकडे पाहिले, तर एक गोष्ट परक्या माणसाच्याही नजरेत भरते. लुगड्यावर अथवा साडीवर त्यांनी पुरुषाचा, बहुधा घरातल्याच कोणाचा तरी, जुना पूर्ण बाह्यांचा सदरा चढवलेला असतो व डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला असतो. ऊन, बोंडाची वाळलेली टोके आणि फवारणीचा अंश यांपासून अंग वाचावे हा त्यामागील हेतू, असे स्पष्टीकरण सामान्यतः दिले जाते आणि ते खोटे नाही. तथापि त्या सदऱ्याचा आणखी एक गुण आहे, त्याकडे सहसा लक्ष जात नाही. तो घालावयास आणि उतरवावयास आडोसा लागत नाही. चारचौघांत, बांधावर उभे राहून, तो अंगात चढवता येतो व संध्याकाळी झटकून गाठोड्यात ठेवता येतो. कामाचा वेश आणि घरचा वेश यांमध्ये जो पालट अन्यत्र चार भिंतींच्या आत होतो, तो येथे एका वेशावर दुसरा वेश घालून उरकलेला आहे. वस्त्रांतरास जागा नसलेल्या स्त्रियांनी वस्त्रांतराची गरजच टाळण्याची काढलेली ही युक्ती होय.

युक्ती म्हणून ती चांगली असली तरी तिची मर्यादा उघड आहे. वरचा थर बदलता येतो. आतला भिजला, मळला किंवा डागाळला तर तो तसाच अंगावर वागवावा लागतो. मासिक पाळीच्या दिवसांत ही अडचण नुसती गैरसोय राहत नाही. अशा वेळी उपयोगास येतो तो आडोसा. या शब्दाचा अर्थ नीट पाहण्यासारखा आहे. आडोसा म्हणजे भिंत नव्हे. उभी केलेली बाज, तुराट्यांचा कूड, पोत्यांची थप्पी, बैलगाडीची सावलीकडची बाजू, दोघींनी दोन टोकांना धरलेली साडी, किंवा नुसती पाठ करून उभी राहिलेली सोबतीण, हे सर्व आडोसेच. आडोसा दृष्टी अडवतो, पण माणूस अडवत नाही. त्याची सारी भिस्त दोन गोष्टींवर असते : पलीकडच्याने न पाहण्याचा पाळलेला संकेत आणि पहाऱ्यास उभी असलेली दुसरी स्त्री. गावात, जेथे प्रत्येक जण प्रत्येकास ओळखतो, तेथे हा संकेत बऱ्याच अंशी पाळला जातो. न्हाणीला दार नसले तरी त्या बाजूला पुरुष फिरकत नाहीत. किंबहुना दार नसलेल्या न्हाणीची मर्यादा सांभाळणे हा ग्रामीण सभ्यतेचा एक भागच मानला गेला आहे. प्रश्न निर्माण होतो तो हा आडोसा गावातून उचलून कारखान्याच्या आवारात नेला म्हणजे. तेथे मुकादम परगावचा, वाहनचालक परप्रांतीय, हमाल रोज वेगळे. ओळखीवर आधारलेला संकेत तेथे लागू पडत नाही आणि पहाऱ्यास उभ्या राहिलेल्या स्त्रीची तेवढ्या वेळाची मजुरी जाण्याची भीती असते.

१९९९ च्या १ मे रोजी परभणीपासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात मोठे उद्योग थोडे आहेत. कापसाची जिनिंग, डाळीच्या गिरण्या, साखर कारखाने, आणि अलीकडे सर्वांत ठळक झालेला हळदीचा व्यवहार, असे त्याचे औद्योगिक चित्र आहे. वसमतच्या हळदीस २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले; हिंगोलीच्या मोंढ्यातील संत नामदेव हळद बाजार मराठवाड्याबाहेरही प्रसिद्ध आहे. शेतातून काढलेले कंद मोडून गड्डे व हळकुंडे निराळी करणे, शिजवणीच्या कुकरात माल भरणे व काढणे, तो पसरणे, वाळल्यावर वेचणे व चाळणे, या कामांत स्त्रियांचा हात मोठा. शिजवणीच्या जागी वाफ आणि ओल. पॉलिशच्या ड्रमाजवळ पिवळी धूळ. ती धूळ घामाने अंगावर बसते, कापडाच्या विणीत शिरते आणि धुण्याने सहजी निघत नाही. लग्नघरी जी हळद हौसेने अंगास लावली जाते, तीच येथे आठ तास नाकातोंडात जाते. जिनिंगमध्ये हीच गोष्ट तुसाची. अशा कामानंतर अंग धुऊन, कपडे बदलून घरी जावे ही इच्छा चैनीत जमा करता येणार नाही.

कायद्याने या इच्छेची दखल कशी घेतली, हे पाहणे उद्बोधक आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने कलम १९ मध्ये स्त्री व पुरुष कामगारांसाठी स्वतंत्र आणि बंदिस्त शौचालये आवश्यक ठरविली. कलम ४२ मध्ये धुण्याच्या सोयी दोघांसाठी स्वतंत्र व पुरेशा आडोशाच्या असाव्यात असे म्हटले. मात्र लगेच पुढचे कलम ४३, जे कपड्यांविषयी आहे, ते या बाबतीत मौन पाळते. कामाच्या वेळी अंगावर नसलेले कपडे ठेवण्यास आणि ओले कपडे वाळविण्यास योग्य जागा असावी, असे नियम राज्य शासनास करता येतील, एवढेच ते सांगते. नियम करणे ऐच्छिक. स्त्री-पुरुषांच्या वेगळेपणाचा उल्लेख नाही. आणि मुख्य म्हणजे कलमाचा विषय कपडा आहे, तो बदलणारी व्यक्ती नव्हे. कपडा कोठे टांगावा याची चिंता कायद्याने वाहिली. तो कोठे उतरवावा याची वाहिली नाही. याचे कारण या तरतुदींच्या उगमात सापडते. शिसे किंवा तत्सम विषारी द्रव्यांच्या प्रक्रियांत दूषित वस्त्र घरी जाऊ नये, ओल्या वस्त्राने कामगार आजारी पडू नये, ही आरोग्यशास्त्राची दृष्टी त्यांच्या मुळाशी होती. एकांताचा विचार तीत अनुषंगानेच आला.

त्याच अधिनियमातील कलम २७ या संदर्भात वाचले म्हणजे काहीसे हसू येते. कापूस दाबण्याच्या कारखान्यात, जेथे कापूस पिंजणारे यंत्र चालू असेल, त्या भागात स्त्रियांना कामास लावण्यास ह्या कलमाने बंदी केली होती. परंतु यंत्राची कापूस घालण्याची बाजू आणि तो बाहेर पडण्याची बाजू यांमध्ये छतापर्यंत पोहोचणारी, किंवा निरीक्षक लेखी ठरवून देईल तेवढ्या उंचीची, भिंत असेल तर घालण्याच्या बाजूस स्त्रियांना काम करता येई. म्हणजे स्त्री आणि यंत्र यांच्यामध्ये छतापर्यंत भिंत कशी घालावी हे कायद्यास चांगले ठाऊक होते. स्त्री आणि दृष्टी यांच्यामध्ये मात्र त्याने ‘पुरेसा आडोसा’ एवढ्यावर भागविले.

ह्या उदासीनतेस सामाजिक परंपरेचाही आधार होता. १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली असलेल्या या मुलखात देशमुखी वाड्यांतून गोषा पाळला जाई. घरंदाज स्त्रीचे दर्शन होऊ न देणे हे घराण्याच्या इभ्रतीचे लक्षण होते. रानात राबणाऱ्या स्त्रीस गोषा नव्हता आणि तो असावा असे कोणास वाटतही नव्हते. परिणामी एकांत ही इभ्रतीबरोबर येणारी वस्तू, असा समज रूढ झाला. वास्तविक गोषा आणि वस्त्रांतरगृह यांची गल्लत होता कामा नये. गोषा स्त्रीला जगापासून दूर ठेवतो व त्याची किल्ली इतरांच्या हाती असते. वस्त्रांतरगृह तिला जगात वावरण्यासाठी घटकाभराचे दार लावून देते आणि कडी आतून असते. एकांताचा इभ्रतीशी असलेला संबंध सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये महाराष्ट्रातीलच एका पोलीस निरीक्षकाच्या बडतर्फीच्या प्रकरणात तोडला. समाज जिला चारित्र्यहीन समजतो तिलाही आपल्या खाजगीपणाचा हक्क आहे, असे न्यायालयाने तेथे स्पष्ट केले. पुढे २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला व तो जागेस नव्हे तर व्यक्तीस जडलेला आहे, सार्वजनिक ठिकाणी गेल्याने तो गळून पडत नाही, असेही सांगितले.

तत्त्व म्हणून हे उदात्त आहे. पण दंडविधानाकडे वळले की तत्त्वास जागेचा आधार घ्यावा लागतो असे आढळते. स्त्रीस चोरून पाहणे किंवा तिचे चित्र टिपणे हा अपराध २०१३ च्या दुरुस्तीने भारतीय दंडसंहितेत कलम ३५४ (ग) म्हणून आला; १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये आहे. त्यात ‘खाजगी कृती’ची व्याख्या करताना, त्या परिस्थितीत जेथे खाजगीपणाची वाजवी अपेक्षा करता येईल अशा जागी केलेली कृती, असे म्हटले आहे. दार असलेल्या खोलीविषयी येथे वाद संभवत नाही. पोत्यांच्या थप्पीमागे, साडीच्या आडोशाला, उघड्या शेडच्या कोपऱ्यात साडी बदलणाऱ्या स्त्रीने अशी अपेक्षा वाजवीपणे करावी काय? ‘त्या परिस्थितीत’ या शब्दांचा आधार घेऊन तिच्या बाजूने युक्तिवाद करता येईल, आणि तो केला जावा. परंतु खोलीतील स्त्रीस जे गृहीत मिळते, ते आडोशातील स्त्रीस वकिलाकरवी सिद्ध करावे लागते, एवढा फरक राहतोच. मालकाने जी भिंत बांधली नाही तिची उणीव अशा रीतीने तक्रारदार स्त्रीच्या पुराव्यात येऊन पडते. खिशाखिशात चित्रक घेऊन हिंडणाऱ्या आजच्या काळात हा फरक पूर्वीपेक्षा कितीतरी महाग पडणारा आहे, कारण क्षणिक दृष्टी विसरली जाऊ शकते. टिपलेले चित्र नाही.

२०२० ची व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कामाची स्थिती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि १९४८ च्या अधिनियमाची जागा तिने घेतली. तिच्या कलम २४ मध्ये स्नानाच्या जागा व कपड्यांच्या कपाटांच्या खोल्या पुरुष, स्त्री आणि तृतीयपंथी कर्मचाऱ्यांसाठी स्वतंत्र असाव्यात, असा स्पष्ट उल्लेख आहे. जुन्या कायद्याने जे सांगितले नव्हते ते येथे प्रथमच मूळ मजकुरात आले, ही मोठी सुधारणा होय. ब्रिटनमध्ये याच सुमारास स्त्रियांच्या वस्त्रांतरगृहात कोणास प्रवेश असावा यावर तीव्र वाद चालला होता व एप्रिल २०२५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने समानता कायद्यातील ‘स्त्री’ या शब्दाचा अर्थ जैविक लिंगावरून ठरविला. भारतीय संहितेने निदान कागदावर तिसरी स्वतंत्र व्यवस्था सांगून त्या वादास निराळे वळण दिले आहे. मात्र खोल्यांची विभागणी कशी करावी हा वाद विभागण्यास खोल्या आहेत तेथे शोभतो. हळदीच्या शेडमध्ये अद्याप पहिल्या खोलीचाच प्रश्न आहे.

संहितेच्या उपयोगासही मर्यादा आहेत. विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या पूर्वी दहा कामगारांपासून सुरू होई. आता ती वीस कामगारांपासून होते. कल्याणकारी सोयींचे कलम दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना उद्देशून असले, तरी हंगामापुरत्या उभ्या राहणाऱ्या आणि ठेकेदारामार्फत मजूर आणणाऱ्या शेडमध्ये दहा माणसे कोणाच्या हजेरीवर मोजावयाची, हेच अनिश्चित असते. दुसरीकडे, कलम ४३ अन्वये स्त्रियांना त्यांच्या संमतीने सायंकाळी सातनंतर व सकाळी सहापूर्वीही कामास ठेवता येते. रात्रपाळी आली की विश्रांतीची व वस्त्रांतराची जागा ही सोय न राहता सुरक्षिततेची अट होते. ऊसतोडीस जाणारी स्त्री तर या साऱ्या चौकटीबाहेरच राहते. तिच्या श्रमाने साखर कारखाना चालतो, पण ती कारखान्यात नसते, फडात असते. पहाटेच्या अंधारालाच ती आडोसा मानते.

गणवेशाच्या नोकऱ्यांत प्रश्नाचे रूप थोडे पालटते. बसवाहक, परिचारिका, पोलीस शिपाई या स्त्रिया साडीवर गणवेश चढवू शकत नाहीत. तेथे सदऱ्याची युक्ती चालत नाही आणि म्हणूनच त्या कार्यालयांत खोलीची मागणी उघडपणे पुढे येते. १९९४ च्या महिला धोरणानंतर शासकीय नोकऱ्यांत स्त्रियांना तीस टक्के आरक्षण मिळाले. इमारती मात्र त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. कोलकात्यातील रुग्णालयात ऑगस्ट २०२४ मध्ये एका तरुण डॉक्टर स्त्रीवर अत्याचार होऊन तिची हत्या झाल्यावर सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या कृती दलापुढे जे विषय ठेवले, त्यांत प्रत्येक विभागात स्त्री व पुरुष डॉक्टर आणि परिचारिका यांच्यासाठी स्वतंत्र विश्रांतिकक्ष हा एक होता. हिंगोलीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय त्याच वर्षी सुरू झाले. नव्या इमारतीच्या नकाशात अशी खोली दाखवणे सोपे असते. मागाहून ती कोठून तरी काढावी लागली की जिन्याखालची जागा हाती येते.

खोली बांधली म्हणजे ती वापरात येतेच असेही नाही. हंगामात माल वाढला की बारदाना ठेवण्यास पहिली जागा आठवते ती हीच, आणि कुलूप लागले की ते निघत नाही. म्हणून या विषयाची क्षेत्रपाहणी करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने खोल्यांची संख्या मोजून थांबू नये. पाहणी शिजवणी व पॉलिशच्या ऐन हंगामात, काम सुटण्याच्या वेळी करावी. कडी आतून लागते काय, खिडकीला झडप आहे काय, पाणी व दिवा आहे काय हे डोळ्यांनी पाहावे. किल्ली कोणाकडे असते हा प्रश्न मुकादमास नव्हे, तर कामकरी स्त्रियांस विचारावा. आणि तोही एकटीला न विचारता तिघी-चौघी एकत्र बसलेल्या असताना स्त्री अभ्यासकाने विचारावा, कारण आपल्यापैकी पहाऱ्यास कोण उभी राहते हे त्याच सांगू शकतात.