डब्यावरचे नाव

टोमॅटोचे भाव कोसळले, की शिरूर अनंतपाळपासून नाशिकपर्यंत एकच प्रश्न विचारला जातो : हा माल डब्यात भरणारा कारखाना आपल्याकडे का नसावा? भास्कर चंदनशिव यांच्या 'लाल चिखल' या कथेतील शेतकरी भर बाजारात स्वतःचेच टोमॅटो पायांखाली तुडवितो. ती कथा वर्गात शिकविताना मराठवाड्यातील शिक्षकांपुढेही हा प्रश्न उभा राहत असेलच. प्रश्न रास्त आहे. परंतु उत्तर शोधताना नागपूरच्या 'नोगा'चा इतिहास डोळ्यांआड करून चालणार नाही.

'नागपूर ऑरेंज ग्रोअर्स असोसिएशन', म्हणजे संत्रा-बागाईतदारांचा संघ, या इंग्रजी नावाची ही आद्याक्षरे होत. ज्यांनी झाडे लावली त्यांनीच फळाची पुढील व्यवस्था पाहावी, हा विचार त्या नावातच आहे. १९७२ साली हा उद्योग महाराष्ट्र कृषी उद्योग विकास महामंडळाकडे आला. १९६५ मध्ये स्थापन झालेले हे महामंडळ सरकारी. डब्यावर नाव बागाईतदारांचे राहिले, मालकी मात्र त्यांची उरली नाही. याच महाराष्ट्रात ऊस उत्पादक आपल्या कारखान्यांचे सभासद-मालक होत असताना संत्र्याची वाट अशी निराळी का झाली? त्याचे कारण केवळ माणसांच्या वृत्तीत शोधणे अन्यायाचे होईल. बरेचसे कारण फळातच आहे.

नागपुरी संत्र्याची साल सैल. सोलून खाण्यास त्यासारखे फळ नाही. पण त्याचा रस काढून ठेवला, की काही वेळाने तो कडवट होऊ लागतो. बियांतील व फोडींवरील पापुद्र्यांतील एक द्रव्य रसाच्या आंबटपणाने लिमोनिनमध्ये पालटते, आणि उष्णता मिळाली की हा पालट अधिकच त्वरेने होतो. डबाबंदीचा तर प्राणच उष्णता! १८१० मध्ये फ्रान्सच्या निकोला अपेर याने प्रसिद्ध केलेल्या रीतीचे सार हेच, की अन्न हवाबंद करावे आणि तापवावे. शिवाय आंबिया आणि मृग असे दोन बहार जमेस धरले तरी संत्रे काही बारमाही नव्हे. उत्तम फळ ताज्या बाजारात जाते. कारखान्याच्या वाट्यास लहान आणि डागाळलेले येते. उसाला असा दुसरा मोठा बाजार नाही, हा फरक लहान नव्हे. यंत्रे आणि कामगार मात्र वर्षभर पोसावे लागतात. संत्र्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या 'नोगा'ने टोमॅटो केचप आणि मिश्र फळांचा जॅमही विकावा, यात म्हणूनच नवल नाही.

टोमॅटोला कडवटपणाची अडचण नाही. पण त्याच्या शंभर किलोंत ९४-९५ किलो पाणीच असते. ते आटविण्यास इंधन लागते. म्हणून केचप करणाऱ्यास घट्ट गराचे वाण हवे असते. भाजीसाठी लावलेला आणि भाव पडला म्हणून कारखान्याच्या दाराशी आणलेला माल त्याला परवडेलच असे नाही. भाव लागवडीपूर्वी ठरला पाहिजे, आणि बाजार चढला तरी शेतकऱ्याने ठरल्या भावाने माल दिला पाहिजे. ही दुसरी अट पाळणे सोपे नाही. वर्षानुवर्षे पडत्या भावाने नाडलेल्या माणसाने चढता भाव एकदा तरी पदरात पाडून घेतला, तर त्याला दोष कोण देणार? त्याला ठरला भाव पाळता यावयाचा असेल, तर तो भाव आधी उत्पादनखर्चाच्या वर असला पाहिजे. आणि कारखान्याचे हिशेब नेमके येथेच अडतात.

लातूर जिल्ह्यात तर आणखी एक हिशेब मांडावा लागेल. फळे धुण्यास, बाष्पक चालविण्यास, डबे थंड करण्यास, पदोपदी पाणी लागते. आणि २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला पिण्याचे पाणी मिरजेहून रेल्वेने आणावे लागले होते. कारखान्याची जागा निवडताना सडक आणि वीज यांच्याआधी हे पाणी कोठून येणार, तेच पाहावे लागेल.