बराकी वेगळ्या, धोकाही वेगळा

बडोद्याच्या जेल रोडला नाव मिळालं ते मध्यवर्ती कारागृहामुळे. सर सयाजीराव रुग्णालयही याच रस्त्यावर आहे आणि एचआयव्हीची औषधं मोफत देणारं एआरटी केंद्र तिथेच चालतं. बायकांची बराक वेगळी ठेवण्याची सक्ती १८९४च्या कारागृह कायद्यापासून आहे. मात्र त्या बराकीतला एचआयव्हीचा धोकाही वेगळा असतो, हे ध्यानात यायला फार वेळ लागला.

देशातल्या प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण साधारण ०.२ टक्के आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या (नॅको) २०२१च्या पाहणीत मध्यवर्ती कारागृहांतल्या कैद्यांत ते १.९३ टक्के आढळलं. पण हे सरासरीचे आकडे. २०२२च्या अखेरीस देशात ५ लाख ७३ हजार कैदी होते, त्यांत स्त्रिया होत्या जेमतेम २४ हजार. शंभरात चौघींचं दुखणं अशा सरासरीत बुडून जातं. वेगळं मोजलं की काय दिसतं, याचं उदाहरण अमेरिकेत सापडतं. तिथल्या राज्यांच्या तुरुंगांत २०००च्या अखेरीस पुरुष कैद्यांत बाधितांचं प्रमाण २.२ टक्के होतं, स्त्रियांत ३.६.

असं का व्हावं? पुरुषांच्या बाबतीत तुरुंगाच्या आतलाही धोका मोठा असतो. एकच सुई अनेकांनी टोचून घेणं, चोरून गोंदवून घेणं, निरोध न वापरता होणारे पुरुषांतले संबंध. बाधित जोडीदाराशी असा एक गुदमैथुन झाला, तर स्वीकारणाऱ्याला लागण होण्याची शक्यता सुमारे १.४ टक्के असते. योनीमार्गे संबंधात ती स्त्रीसाठी ०.०८ आणि पुरुषासाठी ०.०४ टक्के. तिहारमध्ये निरोध वाटावेत म्हणून १९९४मध्ये एक याचिका दिल्ली उच्च न्यायालयात गेली होती. तेव्हा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ आड आलं, आणि ते कलम सैल व्हायला २०१८ उजाडलं.

बाईचा धोका बहुतेक वेळा तुरुंगाच्या दाराबाहेरूनच तिच्यासोबत आत येतो. मुळात तिचं शरीर या विषाणूला जास्त सहज बळी पडतं, कारण योनीमार्गाच्या आतल्या अस्तराचा पृष्ठभाग मोठा असतो आणि वीर्य शरीरात अधिक काळ राहतं. त्यात उपचार न झालेले गुप्तरोग. पुण्यात १९९३ ते १९९६ दरम्यान गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या, देहविक्रय न करणाऱ्या स्त्रियांची तपासणी झाली, तेव्हा त्यांतल्या १३.६ टक्के जणी बाधित निघाल्या. त्यांतल्या बहुतेकींचा पुरुष एकच होता, नवरा. देहविक्रयात ढकललेल्या, नशेच्या विळख्यात सापडलेल्या, मार खाणाऱ्या बायकांचा धोका याहून कितीतरी मोठा. आणि पोलिसांच्या हाती आधी सापडतात त्याही याच बायका.

भारतातल्या एचआयव्हीच्या कहाणीची सुरुवातच कोठडीतल्या बायकांपासून झाली, हे मला फार बोचतं. १९८६मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सोलोमन (माहेरच्या गायतोंडे, तिथल्याच एका मराठी घरातल्या) आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांनी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांचे रक्तनमुने गोळा केले आणि त्यांच्या तपासणीत देशात विषाणू पहिल्यांदा सापडला. त्यांतल्या अनेक बायका सरकारी सुधारगृहात होत्या. पुढे अशाच बाधित स्त्रियांना मुदत संपल्यावरही डांबून ठेवलं गेलं. त्यांच्या सुटकेसाठी उच्च न्यायालयात जावं लागलं.

आज कायदा बाधितांच्या बाजूने आहे. १० सप्टेंबर २०१८ला लागू झालेल्या एचआयव्ही कायद्याचं ३१वं कलम सांगतं की राज्याच्या ताब्यातल्या प्रत्येक माणसाला प्रतिबंध, समुपदेशन, तपासणी आणि उपचार यांचा हक्क आहे. कच्च्या कैद्यालाही, सुधारगृहातल्या स्त्रीलाही. तपासणी मात्र संमतीनेच. गर्भवती कैदीला वेळेवर गोळ्या मिळाल्या तर बाळाला लागण होण्याची शक्यता ५ टक्क्यांच्याही खाली येते, नाही मिळाल्या तर ती ४५ टक्क्यांपर्यंत जाते.

खरी पडझड होते ती सुटकेच्या दिवशी. देशातल्या कैद्यांत चारांतले तीन कच्चे आहेत आणि जामिनाचा हुकूम दवाखान्याची वेळ पाहून येत नाही. गोळ्यांत खंड पडला की विषाणू पुन्हा वाढतो. पुरुषाला बहुतेकदा घर परत घेतं, बाईला माहेर-सासर दोन्हीकडून दार बंद होतं आणि ज्या पुरुषाकडून लागण झाली, कित्येकदा त्याच्याच दारात तिला परतावं लागतं. म्हणून स्त्री कैदीच्या हातात सुटतानाच महिन्याभराच्या गोळ्या, ती जाणार त्या गावच्या एआरटी केंद्राची चिठ्ठी आणि रात्री टेकायला निवाऱ्याचा पत्ता द्यायला हवा. जेल रोडवरून सुटलेली बाई छोटा उदेपूरच्या एखाद्या पाड्यावर जाणार असेल, तर केंद्राची ती चिठ्ठी तिथल्या दवाखान्याच्या नावे असावी, बडोद्याच्या नव्हे.