दोन बुलबुल

मुलांनो, बुलबुल हे नाव तुमच्या ओळखीचे आहे. उर्दू गझलेत गुलाब आणि बुलबुल यांची जोडी नेहमी भेटते. पण गझलेतला बुलबुल निराळा. तो इराणात आढळणारा, साध्या तपकिरी रंगाचा, गोड गाणारा पक्षी आहे. फारसी कवितेतून त्याचे नाव उर्दूत आले. आपल्या अंगणात येणारा बुलबुल दुसऱ्याच कुळातला आहे. नाव एक, पक्षी दोन!

महाराष्ट्रात मुख्यतः दोन प्रकारचे बुलबुल दिसतात. एक लालबुड्या बुलबुल आणि दुसरा शिपाई बुलबुल. दोघेही मैनेपेक्षा थोडे लहान असतात. दोघांच्याही शेपटीखाली लाल रंग असतो. म्हणून केवळ लाल रंगावरून ओळखायला गेलो, तर आपली फसगत होते.

लालबुड्याचे डोके काळे आणि अंग गडद तपकिरी असते. अंगावर खवल्यांसारखी नक्षी असते. त्याचा तुरा आखूड असतो. तो उडाला, की शेपटीच्या वरचा पांढरा भाग चमकतो. शिपायाचा तुरा मात्र उंच व टोकदार असतो. जणू शिपायाची टोपीच! त्याचे गाल पांढरे असतात आणि डोळ्यामागे लाल ठिपका असतो. पिल्लांना हा ठिपका नसतो.

लालबुड्या माळरानावर, शेताच्या बांधावर आणि शहरातल्या बागांतही राहतो. मराठवाड्यात आणि विदर्भात तो सगळीकडे दिसतो. शिपायाला भरपूर पावसाचा, हिरव्या झाडीचा प्रदेश आवडतो. म्हणून तो कोकणात आणि सह्याद्रीत जास्त दिसतो. मुंबईत दोघेही भेटतात.

दोघेही फळे आणि किडे खातात. त्यांच्या विष्ठेतून बिया दूरवर पडतात व तेथे नवी झाडे उगवतात. दोघेही झुडपात वाटीसारखे घरटे बांधतात. मादी त्यात दोन-तीन अंडी घालते.

पूर्वी लोक बुलबुल पिंजऱ्यात पाळत आणि त्यांच्या झुंजी लावत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार बुलबुल पकडणे आणि पाळणे हा गुन्हा आहे. शिवाय पिंजऱ्यातला बुलबुल रानात बिया कशा पेरणार?

उद्या सकाळी बुलबुल दिसला, तर आधी त्याचा तुरा पाहा, मग गाल पाहा. तुमच्या अंगणात कोण येतो, लालबुड्या की शिपाई?

स्वाध्याय
१. गझलेतला बुलबुल आणि आपला बुलबुल यांत कोणता फरक आहे?
२. केवळ लाल रंगावरून बुलबुल का ओळखता येत नाही?
३. बुलबुल झाडांना कशी मदत करतो?