मोंगोडीबी शिकताना: डॉक्युमेंटची सीमा कुठे आखायची?

ज्या डेटाबेसमध्ये एखाद्या व्यवहाराची सगळी माहिती एकाच नोंदीत, तिच्या स्वाभाविक रचनेसकट ठेवली जाते, त्याला डॉक्युमेंट डेटाबेस म्हणतात. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या रिलेशनल पद्धतीत हीच माहिती तक्त्यांमध्ये वाटली जाते. दुकानाची एक ऑर्डर घेतली, तर ग्राहक एका तक्त्यात, पत्ता दुसऱ्यात आणि वस्तू तिसऱ्यात जातात. ऑर्डर पडद्यावर दाखवायची वेळ आली की ‘जॉइन’ लावून सगळे पुन्हा एकत्र आणावे लागते. डॉक्युमेंट डेटाबेसमध्ये ती ऑर्डर एकसंध राहते.

या प्रकारातला सर्वाधिक वापरला जाणारा डेटाबेस म्हणजे मोंगोडीबी. न्यूयॉर्कच्या टेनजेन या कंपनीने तो २००९ मध्ये खुला केला. कंपनीनेही पुढे हेच नाव घेतले. त्यातली डॉक्युमेंट्स दिसायला जेसनसारखी असतात, पण साठवली जातात बीसन या बायनरी स्वरूपात. एकसारख्या डॉक्युमेंट्सचा गट म्हणजे कलेक्शन. प्रत्येक डॉक्युमेंटला ओळखक्रमांक असतो. तो आपण दिला नाही, तर बारा बाइटचा क्रमांक आपोआप तयार होतो आणि त्याच्या पहिल्या चार बाइट्समध्ये तो तयार झाल्याची वेळ असते.

इन्सर्ट, फाइंड, अपडेट, डिलीट या आज्ञा शिकायला फार वेळ लागत नाही. खरे कौशल्य लागते ते एका डॉक्युमेंटमध्ये काय घालायचे आणि काय बाहेर ठेवायचे, हे ठरवताना. तक्त्यांची सवय असलेला माणूस इथेही प्रत्येक गोष्टीसाठी वेगळे कलेक्शन काढतो आणि मग जॉइनची उणीव जाणवली की डेटाबेसलाच दोष देतो. दोष रचनेचा असतो. जे एकत्र वाचले जाते ते एकत्र ठेवावे, हा इथला मूळ नियम आहे.

ऑर्डरचेच उदाहरण पुढे नेऊ. साताऱ्याच्या ग्राहकाने एक किलो कंदी पेढे मागवले. ऑर्डरच्या डॉक्युमेंटमध्ये ‘वस्तू’ नावाची यादी असेल आणि तिच्यात पेढ्यांचे नाव, वजन आणि त्या दिवशीचा दर लिहिलेला असेल. वस्तूंच्या कलेक्शनमध्ये दर आधीच असताना तो पुन्हा का लिहायचा? कारण उद्या दर वाढला तरी कालचे बिल बदलता कामा नये. ही पुनरुक्ती हवीच. ग्राहकाचा फोन नंबर मात्र बदलतो आणि सगळीकडे ताजाच लागतो; म्हणून तो ग्राहकाच्या डॉक्युमेंटमध्ये ठेवून ऑर्डरीत फक्त ग्राहकाचा ओळखक्रमांक द्यावा. जरूर पडली तर २०१५ च्या ३.२ आवृत्तीत आलेल्या ‘लुकअप’ने दोन्ही जोडता येतात. उलट, ग्राहकाच्या डॉक्युमेंटमध्येच त्याच्या सगळ्या ऑर्डरी कोंबत गेल्यास यादी वर्षानुवर्षे फुगत जाते. एका डॉक्युमेंटची कमाल मर्यादा १६ एमबी आहे, पण कामाचा वेग त्याच्या कितीतरी आधी मंदावतो.

रकाने आधी जाहीर करावे लागत नाहीत, ही सोय नवशिक्याला फार आवडते. तीच त्याला अडचणीतही आणते. एका नोंदीत दर संख्या म्हणून लिहिला आणि दुसरीत अवतरणचिन्हांत, म्हणजे मजकूर म्हणून, तर ‘दर पाचशेपेक्षा जास्त’ या शोधात दुसरी नोंद येतच नाही. चूक झाल्याचा संदेशही मिळत नाही. फील्डच्या नावात टायपिंगची चूक झाली तर मुकाट्याने नवे फील्ड तयार होते. म्हणून कलेक्शनला व्हॅलिडेशनचे नियम सुरुवातीलाच लावून घ्यावेत. रचना डेटाबेसने लादली नाही, तरी ती कुणीतरी सांभाळावीच लागते.

शोध मंद वाटला की ‘एक्स्प्लेन’ वापरून पाहावे. उत्तरात ‘कोलस्कॅन’ दिसले तर पूर्ण कलेक्शन वाचले जात आहे. योग्य इंडेक्स तयार केल्यावर तिथे ‘आयएक्सस्कॅन’ दिसू लागते. मराठी नावांची यादी लावताना आणखी एक खाच आहे. युनिकोडमध्ये ‘ळ’चा क्रमांक ‘ल’च्या लगेच नंतर आणि ‘व’च्या आधी येतो, तर आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर आहे. काही न सांगता क्रम लावला तर डेटाबेस युनिकोडचाच क्रम घेतो. ३.४ आवृत्तीपासून मिळणाऱ्या ‘कोलेशन’ सोयीत मराठी भाषा निवडता येते. मराठी याद्या असलेल्या प्रत्येक प्रकल्पात ती निवड आवर्जून करावी.

एका डॉक्युमेंटमधला बदल मोंगोडीबी नेहमीच पूर्ण करतो किंवा मुळीच करत नाही. अनेक डॉक्युमेंट्सना एकाच वेळी ही हमी देणारे ट्रॅन्झॅक्शन २०१८ च्या ४.० आवृत्तीत आले. तरीही जिथे बहुतेक व्यवहार पाच-सहा नोंदींना एकदम हात लावतात, अशा हिशेबाच्या कामाला पोस्टग्रेससारखा रिलेशनल डेटाबेसच अधिक सोयीचा. बदलत्या रचनेच्या वस्तूंची सूची, लेख, यंत्रांकडून येणाऱ्या नोंदी यांसाठी डॉक्युमेंट पद्धत शोभते.

सरावासाठी मोंगोडीबी स्वतःच्या संगणकावर बसवता येतो. इंटरनेटवरच्या सर्व्हरवर ठेवायचा असेल, तर वापरकर्ता आणि पासवर्डची तपासणी आधी चालू करावी लागते, कारण साध्या बसवणीत ती बंद असते. जानेवारी २०१७ मध्ये असे उघडे राहिलेले हजारो डेटाबेस पुसून चोरांनी खंडणी मागितली होती. ३.६ आवृत्तीपासून डेटाबेस सुरुवातीला फक्त त्याच संगणकावरून आलेली जोडणी स्वीकारतो. बाहेरच्यांसाठी दार उघडणे हा वापरणाऱ्याचा निर्णय असतो.