गोंगाटाचे मोजमाप

शिरढोण हे वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव म्हणून सर्वांना ठाऊक आहे. पनवेलहून गोव्याकडे जाणारा महामार्ग याच गावावरून जातो आणि त्यावरची अवजड वाहतूक रात्रीही थांबत नाही. रस्त्यालगतच्या घरातला विद्यार्थी माझ्या वर्गात पेंगतो, तेव्हा त्याला आळशी म्हणणे सोपे असते. प्रश्न त्याच्या वृत्तीचा नसून त्याच्या झोपेचा आहे. म्हणूनच तो सार्वजनिक आरोग्याचा आहे.

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दसपट होते. म्हणजे ४५ आणि ६५ यांतले अंतर शंभरपटीचे! दीर्घकाळच्या मोठ्या आवाजाने अंतर्कर्णातील सूक्ष्म केसपेशी मरतात आणि त्या पुन्हा येत नाहीत. कान शाबूत ठेवणाऱ्या आवाजानेही झोप मोडते, रक्तदाब व हृदयविकाराचा धोका वाढतो. माणूस 'सवय झाली' म्हणतो. शरीर तसे म्हणत नाही.

कायदा आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. मात्र २०१७ च्या दुरुस्तीनंतर शाळा-रुग्णालयांभोवतीचे शंभर मीटर आपोआप शांतता क्षेत्र ठरत नाहीत. शासनाने तसे जाहीर करावे लागते. शिवाय सारी यंत्रणा तक्रारीवर चालते. लाऊडस्पीकरविरुद्ध तक्रार करता येते, तो बंदही करता येतो. महामार्ग कोण बंद करणार? आणि ज्याची मजुरी उद्या सकाळी त्याच खाणमालकाच्या हाती आहे, तो खडी क्रशरविरुद्ध तक्रार कसा करणार?

या प्रश्नाला जातीचीही बाजू आहे. २०१५ मध्ये शिर्डीत मोबाईलवर वाजलेल्या बाबासाहेबांवरील गाण्यावरून एका दलित तरुणाचा खून झाला. ते गाणे किती डेसिबलचे होते, हे मारणाऱ्यांनी मोजले नव्हते. त्यांना आवाज खुपला नाही, तो कोणाचा आहे हे खुपले. म्हणून 'गोंगाट बंद करा' ही मागणी मोजमापाविना आली, की तिचा पहिला बडगा दुबळ्यांच्या मिरवणुकीवर पडण्याची भीती असते. यंत्राने मोजलेली मर्यादा सर्वांना सारखी लावणे, हाच त्यावर उपाय होय.

मग ती आपल्यालाही लागू आहे. जयंतीच्या डीजेच्या भिंतीपुढे नाचणारी पोरे आपली असतात आणि मागच्या खोलीतली आजारी म्हातारीही आपलीच असते. ज्या चळवळीने शिक्षणाला पहिले स्थान दिले, तिने अभ्यासाच्या रात्री जपल्या पाहिजेत.

कार्यकर्त्यांनी तीन मागण्या लावून धराव्यात: महामार्गालगतच्या वस्त्यांत रात्रीच्या आवाजाची नियमित मोजणी आणि तिचे आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर, प्रत्येक शाळेभोवती जाहीर शांतता क्षेत्र, आणि वस्तीकडील बाजूला ध्वनिरोधक भिंती, ज्यांचा खर्च रस्त्याच्या अंदाजपत्रकातच धरावा. रस्ता सर्वांचा असेल, तर त्याच्या गोंगाटाचा भार एकट्या कडेच्या घरांवर का?