हायब्रीड कार: टाकी भरलेली, तरी गाडी सुरू का होत नाही?

दिवाळीला रेल्वेने गावी गेलो, तीन आठवड्यांनी परतलो, तर घरची हायब्रीड कार ढिम्म. टाकीत पेट्रोल, हायब्रीड बॅटरीही चार्ज. मग अडलं कुठे?

१२ व्होल्टच्या साध्या बॅटरीवर! मोठी बॅटरी मोटर फिरवते, पण तिला जोडणारे रिले आणि कॉम्प्युटर जागे होतात ते या छोटीच्या जोरावर. ती उतरली की सगळं ठप्प. धक्का मारूनही उपयोग नाही, जम्प स्टार्टच द्यावा लागतो.

त्यामुळे गाडी उभीच राहणार असेल, तर आठवड्यातून एकदा फेरी मारा. नुसतं अ‍ॅक्सेसरी मोडवर गाणी ऐकत बसलात, तर ती आणखी उतरेल.

‘चार्जिंगला कुठे लावता?’ हा शेजाऱ्यांचा ठरलेला प्रश्न. स्ट्राँग हायब्रीडला प्लग नसतो. ब्रेक लावताना वाया जाणाऱ्या ऊर्जेवर आणि इंजिनवर बॅटरी चार्ज होते. म्हणूनच पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये पेट्रोल वाचतं, एक्स्प्रेसवेवर मात्र हा फायदा घटतो.

आणि हो, दुसऱ्याच्या गाडीला आपल्या हायब्रीडवरून जम्प देण्याआधी मॅन्युअल उघडा.